इमारतीचं लेझर स्कॅनिंग : पैसे नेमके कशाचे मोजायचे?

वाईच्या आमच्या वाड्याची दुरुस्ती काढली, तेव्हा पहिली अडचण आली ती नकाशाची. चार पिढ्या तिथं राहिल्या, खोल्या वाढल्या, भिंती पडल्या, पण कागदावर काहीच नव्हतं. टेप घेऊन मापं घ्यायला बसलो तर एकही खोली गुण्यात नाही. दोन कर्ण मोजावेत तर चार-चार बोटांचा फरक. शेवटी लेझर स्कॅनिंग करून घेतलं. तीन आठवड्यांत सुबक नकाशे हातात आले आणि आम्ही निर्धास्त झालो.

मग लाकूडकाम तपासायला अभियंता आले. त्यांनी माजघरातल्या मुख्य तुळईखाली, दोन्ही टोकांना बरोबर चार इंच फट ठेवून दोरी ताणली. मध्यावर फट मोजली, ती अडीच इंच भरली. तुळई मधोमध दीड इंच उतरली होती. नकाशात मात्र तीच तुळई पट्टी लावून आखल्यासारखी सरळ होती. यंत्रानं ती वाकलेलीच टिपली असणार. ऑफिसात बसून रेघ मारणाऱ्यानं ती सरळ केली. मूळ स्कॅन मागितला, तर तो देण्याचं करारात नव्हतं, आणि नव्वद दिवसांनंतर तो पुसूनही टाकला होता. पुन्हा स्कॅनिंग, पुन्हा पैसे.

त्या दुसऱ्या बिलानं जे शिकवलं, तेच या लेखाचं सार आहे : स्कॅन संपूर्ण इमारतीचा घ्या आणि तो स्वतःच्या ताब्यात ठेवा, नकाशे आणि मॉडेल मात्र आज लागतील तेवढेच करून घ्या. बाकीचं सगळं या एका सूत्राचा विस्तार आहे.

यंत्र नेमकं काय करतं?

तिपाईवर बसवलेलं यंत्र स्वतःभोवती संथ फिरतं. त्याच्या डोक्यातला आरसा त्याच वेळी वेगानं गरगरत असतो आणि लेझरचा किरण खोलीच्या कानाकोपऱ्यात जातो. भिंतीवरून परतलेल्या किरणावरून अंतर निघतं. प्रकाश एका नॅनोसेकंदात साधारण ३० सेंटिमीटर जातो. दहा मीटरवरच्या भिंतीपर्यंत जाऊन यायला त्याला सुमारे ६७ नॅनोसेकंद लागतात. एवढ्या सूक्ष्म वेळाचा हिशेब यंत्र सेकंदाला लाखो वेळा करतं. लायका कंपनीचं २०१६ साली आलेलं बीएलके३६० हे किलोभर वजनाचं यंत्र सेकंदाला ३,६०,००० बिंदू टिपत असे; त्याच कंपनीचं मोठं आरटीसी३६० सेकंदाला २० लाख बिंदू टिपतं.

प्रत्येक बिंदूला स्वतःची लांबी, रुंदी, उंची असते. कोट्यवधी बिंदूंचा हा समूह म्हणजे ‘पॉइंट क्लाउड’. गवंडी भिंत ओळंब्यानं तपासतो, कोपरा गुण्यानं आणि फरशी पाणसळीनं. क्लाउडमध्ये या तिन्ही परीक्षा इमारतीच्या हव्या त्या जागी, हव्या तेव्हा घेता येतात, तेही पुन्हा शिडी न लावता.

एका जागेवरून सगळं दिसत नाही, म्हणून यंत्र जागा बदलत फिरवतात आणि नंतर ते सगळे स्कॅन एकमेकांना जुळवतात. या जुळवणीला रजिस्ट्रेशन म्हणतात. जुळलेल्या क्लाउडवरून माणसं नकाशे काढतात किंवा संगणकात त्रिमितीय मॉडेल उभं करतात. म्हणजे काम तीन टप्प्यांचं आहे : जागेवरचं स्कॅनिंग, जुळवणी, आणि रेखाटन किंवा मॉडेल. कोटेशनमध्ये या तिन्हींचे आकडे वेगवेगळे लिहून मागा. ‘अमुक रुपये चौरस फूट’ एवढ्या एका ओळीवर कुणाशीच तुलना करता येत नाही.

तुम्हाला याची गरज आहे का?

दोन बेडरूमच्या फ्लॅटचं इंटिरियर करायचं असेल, तर स्कॅनिंग करू नका. हातात मावणारं लेझर मीटर चार-पाच हजारांत मिळतं आणि ते अशा कामाला पुरतं. २०२० च्या आयफोन १२ प्रोपासून काही फोनमध्ये लायडार आलं आहे. त्याचा पल्ला सुमारे पाच मीटर. सोफा कुठे बसेल हे पाहायला ते छान आहे. क्षेत्रफळावरून भांडण होणार असेल तिथे ते वापरू नये.

स्कॅनिंगचे पैसे खऱ्या अर्थानं वसूल होतात ते अशा कामांत :

जुना वाडा, देऊळ, चर्च, गोव्यातलं जुनं घर. जिथे काहीच सरळ नाही आणि वाकडेपणा हीच महत्त्वाची माहिती आहे.

जुन्या इमारतीत लिफ्ट बसवणं. जिन्याच्या मधली मोकळी जागा प्रत्येक मजल्यावर थोडी सरकलेली असते. चार मजल्यांना एकाच ओळंब्यात किती जागा सलग मोकळी मिळते, यावर लिफ्टचा आकार ठरतो, आणि ते टेपनं कळणं फार अवघड.

कारखाना, हॉस्पिटल, हॉटेल. छताखाली पाइप, डक्ट आणि केबलची गर्दी असते आणि काम बंद न ठेवता नवी लाइन टाकायची असते.

पुनर्विकास. सभासदाला नवं घर किती मोठं मिळणार, हे त्याच्या आजच्या कार्पेट क्षेत्रावर ठरत असेल, तर प्रत्येक इंचाला किंमत आहे. १२ फूट बाय १० फुटांची खोली १२० चौरस फुटांची. दोन्ही मापांत एकेक इंच चुकला, तर क्षेत्र १२१.८४ होतं. हा फरक एका खोलीचा. चौरस फुटाला २०,००० रुपये भाव धरला, तर ३६,८०० रुपये.

इथे एक सावधगिरी. कार्पेट कशाला म्हणायचं, हे मोजण्याआधी लेखी ठरवा. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार कार्पेट क्षेत्रात घराच्या आतल्या पार्टिशन भिंतींची जाडी धरतात. बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट, त्या घराची बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. जुन्या सोसायट्यांत बरेच जण भिंतीपासून भिंतीपर्यंतची मोकळी फरशी म्हणजे कार्पेट समजतात. एकाच अचूक स्कॅनमधून या दोन व्याख्यांनी दोन वेगळे आकडे निघतात, आणि मग दोष यंत्राच्या माथी जातो.

बिल कशामुळे वाढतं?

लोकांना वाटतं, यंत्र महाग म्हणून काम महाग. प्रत्यक्षात यंत्र तुमच्याकडे एक-दोन दिवसच असतं. खर्च वाढतो तो पुढच्या गोष्टींनी :

*खोल्यांची संख्या.* १०,००० चौरस फुटांची मोकळी शेड आणि तेवढ्याच क्षेत्राचे सोळा फ्लॅट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शेडमध्ये दहा-बारा जागी यंत्र लावून भागतं. फ्लॅटमध्ये प्रत्येक खोली, बाथरूम, पॅसेज यांना वेगळी जागा लागते, आणि दोन खोल्यांचे स्कॅन जुळावेत म्हणून दारातही एक.

*अचूकता.* तिपाईवरच्या यंत्रानं खोलीभरात काही मिलिमीटरची अचूकता मिळते. हातात धरून चालत स्कॅन करणारी यंत्रं खूप झपाट्यानं काम उरकतात, पण त्यांत एक-दोन सेंटिमीटरपर्यंत फरक पडू शकतो. भाडेकरारासाठी नकाशा हवा असेल तर चालतं यंत्र पुरे. लिफ्ट किंवा लोखंडी सांगाडा बसवायचा असेल तर तिपाईच हवी.

*मॉडेलचा बारकावा.* याला एलओडी म्हणतात. दाराचं उदाहरण घ्या. एलओडी २०० मध्ये इथे साधारण एवढं दार आहे, हे कळतं. ३०० मध्ये दाराचं नेमकं माप आणि जागा. ४०० मध्ये कारखान्यात बनवता येईल इतका तपशील. बहुतेक दुरुस्तीच्या कामांना २०० ते ३०० पुरतं. ‘सगळ्यात चांगलं द्या’ असं म्हणून ४०० मागू नका. त्यात दिवसांचे आठवडे होतात.

*नक्षीकाम.* वाड्यातले सुरूचे खांब आणि महिरपी मॉडेलमध्ये एकेक करून घडवणं फार वेळखाऊ. त्याऐवजी क्लाउडवरूनच मापात बसणारं सपाट चित्र काढून मागा. त्याला ऑर्थोफोटो म्हणतात. ते कमी वेळात होतं, आणि मधल्या माणसाच्या हातानं नक्षी बदलत नाही.

*उंच आणि अडचणीच्या जागा.* कौलारू छपराचा वरचा भाग जमिनीवरून दिसत नाही. त्यासाठी ड्रोन लागला तर खर्च वाढतो, आणि २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे विमानतळ आणि लष्करी भागांजवळ परवानगीचा प्रश्न येतो. शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरून काम भागत असेल, तर आधी तिथे विचारा.

एक हिशेब मांडून पाहू

तळमजला अधिक तीन मजले, सोळा फ्लॅट, एकूण बांधकाम १४,००० चौरस फूट. पुनर्विकासाआधी नकाशे हवे आहेत. खालचे दर हिशेबाची रीत कळावी म्हणून धरलेले आहेत. तुमच्या कोटेशनमधले आकडे त्यांच्या जागी घाला.

आधी यंत्र किती जागी लागेल ते मोजा. प्रत्येक फ्लॅटमध्ये नऊ जागा धरल्या, तर सोळा फ्लॅटच्या १४४. जिना मजल्याला तीन, म्हणजे १२. इमारतीभोवती १४. गच्चीवर ६. एकूण १७६. प्रत्येक जागेला यंत्र हलवण्यासकट चार मिनिटं धरली, तर ७०४ मिनिटं, म्हणजे पावणेबारा तास. दारं उघडून घेणं, चहापाणी, अडलेला एखादा फ्लॅट धरून दोन दिवसांचं काम.

स्कॅनिंग, यंत्र आणि दोन माणसांसह दोन दिवस, दिवसाला ३०,००० : ६०,०००

जुळवणी आणि साफसफाई, दोन दिवस, दिवसाला ६,००० : १२,०००

नकाशे : चार मजले, गच्ची, चार दर्शनी बाजू, दोन छेद, असे अकरा, प्रत्येकी ५,००० : ५५,०००

बेरीज : १,२७,०००

जीएसटी १८ टक्के : २२,८६०

एकूण : १,४९,८६० रुपये, म्हणजे फ्लॅटमागे सुमारे ९,३७० रुपये.

यात त्रिमितीय मॉडेल जोडलं, बारा दिवस, दिवसाला ५,००० म्हणजे ६०,०००, तर करासह एकूण २,२०,६६० रुपये होतात. आता सभेत एकच प्रश्न विचारा : ही इमारत पाडायचीच आहे, तर तिचं मॉडेल कोण वापरणार? उत्तर ‘कुणी नाही’ असेल, तर करासहित ७०,८०० रुपये वाचले. लिफ्ट बसवून इमारत आणखी पंचवीस वर्षं वापरायची असेल, तर फक्त जिन्याच्या भागाचं मॉडेल करून घ्या. क्लाउड हाताशी असल्यावर उरलेल्या भागाचं मॉडेल कधीही करता येतं.

सोसायटीची जीएसटी नोंदणी नसेल तर भरलेला कर वळता करून घेता येत नाही. म्हणून कोटेशनची तुलना नेहमी करासहित आकड्यांची करा.

कोटेशन देणाऱ्याला हे सात प्रश्न विचारा

१. कच्चे स्कॅन आणि जुळवलेला क्लाउड आम्हाला मिळणार का, आणि कोणत्या स्वरूपात? ई५७ हे कोणत्याही एका कंपनीचं नसलेलं स्वरूप आहे, ते मागाच. शिवाय नकाशांची डीडब्ल्यूजी फाइल. नुसत्या पीडीएफवर काम स्वीकारू नका.

२. यंत्र कोणतं, आणि त्याचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र कधीचं?

३. जुळवणीत किती मिलिमीटर चूक चालेल असं धरलं आहे, आणि त्याचा अहवाल देणार का?

४. भिंती आणि तुळया जशा आहेत तशा काढणार की सरळ करून? किती फरकापर्यंत सरळ करणार? हा आकडा करारात घाला. जुन्या इमारतीत सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच.

५. न दिसलेला भाग नकाशात कसा दाखवणार? बंद खोलीचा अंदाजानं काढलेला कोपरा तुटक रेघेनं दाखवलेला असला पाहिजे.

६. दुरुस्त्या किती वेळा करून देणार, आणि एखादा फ्लॅट त्या दिवशी बंद राहिला तर दुसऱ्या फेरीचे पैसे कोण देणार?

७. स्कॅनबरोबर घरांच्या आतले फोटोही निघतात. ते कोण पाहणार, आणि जाहिरातीत वापरणार नाहीत ना? सभासदांची संमती आणि एजन्सीची हमी, दोन्ही लेखी घ्या.

पैसे एकरकमी देऊ नका. थोडे कामाआधी, थोडे क्लाउड हातात आल्यावर, आणि शेवटचा हप्ता नकाशे तपासून झाल्यावर.

स्कॅनच्या दिवशी

हा दिवस नीट पार पडला तर निम्मं काम झालं. लेझर भिंतीआडचं पाहत नाही, तसंच पलंगाआडचंही. कोपऱ्यात रचलेल्या गाद्या आणि कपाटांसमोरची खोकी आदल्या दिवशी हलवा. मोठे आरसे चादरीनं झाका. आरशात यंत्राला पलीकडे आणखी एक खोली दिसते आणि ती क्लाउडमध्ये उमटते. काच आणि पाणी यांवरून किरण नीट परतत नाही. दारं उघडी ठेवायची असतील तर दिवसभर उघडीच ठेवा. मध्येच हलवलं की तेच दार दोन जागी दिसतं.

आमच्या दुसऱ्या खेपेला आलेली मुलगी यंत्र लावण्याआधी प्रत्येक खोलीत जाऊन उभी राहायची, चारही कोपऱ्यांकडे पाहायची आणि मगच तिपाई टेकवायची. माजघरात तिनं उंबऱ्याजवळ आणि देवघराच्या दारात कागदावर छापलेले काळे-पांढरे चौकोन चिकटवले. हीच जुळवणीची खूण. मग आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं. यंत्र फिरलं, थांबलं, आणि तिनं टॅबलेटवर चित्र मोठं करून तुळईचा मध्य दाखवला. तुळईचं पोट खाली आलेलं स्वच्छ दिसत होतं. आई कितीतरी वेळ त्या पडद्याकडे पाहत राहिली. जन्मभर जिच्याखाली वावरली, ती तुळई तिनं पहिल्यांदाच अशी पाहिली.

बहुतेक इमारत-स्कॅनरचे लेझर क्लास १ चे, म्हणजे डोळ्यांना सुरक्षित असतात; तरी यंत्रावरचा वर्ग वाचून खात्री करा. बाहेरच्या बाजूंचं काम पावसाळ्यात काढू नका. पडता पाऊस आणि ओल्या भिंती दोन्हींनी माप बिघडतं.

हाती आलेलं काम असं तपासा

यासाठी तज्ज्ञ लागत नाही. स्टीलचा टेप घ्या आणि नकाशावरची कुठलीही दहा मापं प्रत्यक्ष घेऊन पाहा : दोन खोल्यांचे कर्ण, जिन्याची रुंदी, दोन खिडक्यांची उंची, एका भिंतीची जाडी. त्यानंतर इमारतीच्या सर्वांत दूरच्या दोन टोकांमधलं माप घ्या, कारण जुळवणीतली चूक लांब अंतरात साचत जाते. वरच्या मजल्याची भिंत खालच्या भिंतीवर नेमकी कुठे येते, तेही पाहा. जुन्या घरात सगळं काटेकोर एकावर एक आलं असेल, तर कुणीतरी रेघा सरळ केल्या आहेत, असं समजा आणि जाब विचारा.

स्कॅनकडून हे मागू नका

स्कॅन फक्त पृष्ठभाग सांगतो. काँक्रीटच्या आत सळई किती गंजली, हे त्याला दिसत नाही; त्यासाठी स्ट्रक्चरल ऑडिटमधल्या हातोडी, अल्ट्रासॉनिक आणि कोअर चाचण्याच कराव्या लागतात. लाकडाला आतून वाळवी लागली आहे का, हे पाहायला सुतारच हवा. फॉल्स सीलिंगच्या वरचं हवं असेल तर त्याच्या फरशा उघडून ठेवाव्या लागतील.

आणि हद्दीच्या वादात लेझर स्कॅन पुढे करू नका. जागेची हद्द कायद्यानं ठरते ती भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीवर. तुमची भिंत कुठे उभी आहे, हे स्कॅन सांगेल. ती तुमच्या जागेत आहे की नाही, हे मोजणीच सांगेल.

शेवटची गोष्ट : फाइल कुठे ठेवणार?

पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचं लेझर स्कॅनिंग कला-इतिहासाचे प्राध्यापक अँड्र्यू टॅलन यांनी २०१० च्या सुमारास केलं होतं. पन्नासहून अधिक जागी यंत्र लावून त्यांनी एक अब्जाहून जास्त बिंदू टिपले, ते अभ्यासासाठी. १५ एप्रिल २०१९ ला चर्चचं छप्पर जळालं, तेव्हा टॅलन हयात नव्हते. पण ते बिंदू होते, आणि पुनर्बांधणी करणाऱ्यांच्या उपयोगी पडले. डिसेंबर २०२४ मध्ये चर्च पुन्हा उघडलं.

आपल्या इमारती जगप्रसिद्ध नसतात, पण राहणाऱ्याला त्यांचं मोल तेवढंच असतं. क्लाउडची फाइल पन्नास-शंभर जीबीची सहज होते. ती दोन हार्ड डिस्कवर घ्या आणि दोन वेगळ्या घरांत ठेवा. सोसायटी असेल तर एक डिस्क कार्यालयाच्या कपाटात कन्व्हेयन्सच्या कागदांशेजारी ठेवा आणि दप्तर-यादीत तिची नोंद करा, म्हणजे कमिटी बदलली तरी ती हरवणार नाही. वर्षातून एकदा ती उघडून पाहा.

आमच्या वाड्याची एक डिस्क माझ्याकडे पुण्यात आहे, दुसरी वाईला आईच्या ट्रंकेत, खरेदीखताच्या पिशवीत. गेल्या मे महिन्यात मागच्या पडवीचं कौलकाम निघालं. मिस्त्रींना वाशांची लांबी हवी होती. मी पुण्यातून फाइल उघडली, मापं घेतली आणि फोनवर सांगितली. त्या कामासाठी नवं स्कॅनिंग लागलं नाही आणि एक रुपयाही द्यावा लागला नाही.